हे ३६,५५० रुपये कुणाच्या हातात पडतात?

प्रश्न : आम्ही भांडुपला टेंभीपाड्यात राहतो. मिस्टर कुरिअरमध्ये आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगी बारावी सायन्स झाली, ६१ टक्के. तिला नर्सिंगला जायचंय. मुलाला दहावीत ५६ टक्के पडले, तो वायरिंगच्या कामात रमतो. धाकटे दीर रोज मोबाइलवर 'महाराष्ट्रात सरासरी पगार किती' ते काढून दाखवतात. एकीकडे नर्सला २२ हजार, दुसरीकडे ४० हजार, इलेक्ट्रिशियनला १८ हजार. ते म्हणतात, मुलीला नाक्यावरच्या इन्स्टिट्यूटमध्ये लॅबचा एक वर्षाचा डिप्लोमा करू द्या, ९० हजारांत होतो. मुलाला कॉमर्सला घाला, वायरमनला मुलगी कोण देणार. आमच्याकडे साठवलेले दोन लाख आहेत. कुठला आकडा खरा धरून पैसे घालू?
— एक आई, भांडुप

ताई,

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. माझी बायको महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं सिस्टर होती आणि मी सरकारी आयटीआयमधून वीजतंत्रीच्या वर्गाचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो. तुमच्या दोन्ही लेकरांचे विषय आमच्या घरात वर्षानुवर्षं रोज रात्री जेवताना निघायचे. तेव्हा हे उत्तर दोघांचं आहे असं समजा.

आधी त्या सरासरीचं बघू. एका सरकारी रुग्णालयात एकाच वॉर्डात दोन सिस्टर उभ्या आहेत असं धरा. एक कायम नोकरीतली. राज्य शासनाची अधिपरिचारिका असो की मुंबई महापालिकेची परिचारिका, सातव्या वेतन आयोगात तिचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं आणि १,१२,४०० पर्यंत जातं. महागाई भत्ता २०२४ सालीच मूळ वेतनाच्या निम्म्यावर पोचला. निम्माच धरला तरी १७,७०० झाले. म्हणजे पहिल्याच महिन्यात ५३,१००, घरभाडे भत्ता वेगळा. शेजारी उभी असलेली दुसरी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटावर आलेली. त्या जाहिरातींत स्टाफ नर्सचं मानधन मी बहुतेक वेळा २०,००० बघितलंय. शिक्षण तेच, नोंदणी तीच, सलाइन लावायची पद्धत तीच. दोघींची सरासरी काढा : ३६,५५०. आता मला सांगा, हे ३६,५५० रुपये कुणाच्या हातात पडतात? कुणाच्याच नाही.

तुमचे दीर खोटं बोलत नाहीयेत. मोबाइलवर २२ दिसले तेही कुठेतरी खरे आहेत, ४० दिसले तेही. पण मुलगी त्या आकड्यात नोकरी करणार नाही, ती कुठल्यातरी एका दारातून आत जाणार आहे, आणि पगार त्या दारावर ठरतो. म्हणून मी तुम्हाला कुठलाच सरासरी आकडा देत नाही. कुठलं दार किती देतं आणि त्या दारापर्यंत जायला कुठला कागद लागतो, एवढं सांगतो.

खासगी रुग्णालयांचं दार सगळ्यात मोठं आहे आणि तिथेच मुली सगळ्यात जास्त फसतात. यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन झालेलं आहे. २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने केंद्राला खासगी नर्सच्या पगाराबद्दल समिती नेमायला सांगितलं. समितीने खाटांच्या हिशेबाने शिफारस केली. २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार द्यावा. १०० ते २०० खाटांमध्ये फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या नर्सिंग होममध्येसुद्धा २० हजारांच्या खाली जाऊ नये. कागदावर हे इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण ती शिफारस आहे, राज्यांनी ती कायद्यात बांधली तर तिला दात येतील. तरी आकडे पाठ करून ठेवा. मुलाखतीला बसलेल्या मुलीने "तुमच्याकडे खाटा किती?" एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की हिला माहिती आहे.

माझ्या भाचीचं सांगतो. उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये तिला १८ हजार सांगितले. पहिला पगार खात्यात आला तो १३,७००. मी स्लिप मागवली आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून एकेक ओळ वाचत गेलो. मालकाने भरायचा पीएफ आणि ईएसआयसीचा हिस्सासुद्धा त्या १८ हजारांतच धरलेला. त्याशिवाय तिचा स्वतःचा हिस्सा कापलेला. गणवेश आणि चहा-नाश्त्याचे साडेआठशे. आणि सगळ्यात खाली व्यवसाय कर २०० रुपये. तिथे माझं बोट थांबलं. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर लागतच नाही. भाचीने दुसऱ्या दिवशी हिशेबनिसाला ती ओळ दाखवली. पुढच्या महिन्यात पैसे परत आले आणि तिच्याबरोबर आणखी पाच जणींचे आले. दोनशे रुपयांची गोष्ट, पण त्या दिवसापासून ती पगाराची स्लिप न वाचता सही करत नाही. तिच्या मूळ गुणपत्रिका मात्र त्यांनी "रेकॉर्डला लागतात" म्हणून ठेवून घेतल्या होत्या, त्या सोडवायला तीन महिने गेले. तुमच्या मुलीला आत्ताच सांगून ठेवा : मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ कागद सोडून यायचे नाहीत.

आता तिचा रस्ता. नर्सिंगमध्ये तीन पायऱ्या आहेत. एएनएम (सहायक नर्सचा कोर्स) दोन वर्षांचं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग ही पदवी चार वर्षांची. बीएस्सीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं आणि सीईटी द्यावी लागते. या विषयांत तिला मिळून ४५ टक्के असतील तर ती पात्र आहे. माझी बायको स्वतः जीएनएम करून लागली, आणि ती म्हणते की आज पर्याय असेल तर बीएस्सीच करावी, कारण पुढे शिकवायला जायचं, एमएस्सी करायची किंवा परदेशात जायचं तर जीएनएमवाल्या मुलीला पुन्हा दोन वर्षं शिकावं लागतं. पण खासगी कॉलेजची बीएस्सी कर्ज काढून की सरकारी संस्थेतलं जीएनएम, असा पेच आला तर मी सरकारी जीएनएम घेईन. केईएम, नायर, सायन, जेजे या रुग्णालयांच्या स्वतःच्या नर्सिंग संस्था आहेत. तिथे मुलीचा हात रोज खऱ्या पेशंटवर बसतो. काही खासगी कॉलेजांच्या मुली तिसऱ्या वर्षापर्यंत पुतळ्यावरच इंजेक्शन देत असतात, हे माझ्या बायकोने नव्या मुलींना वॉर्डात घेताना पाहिलेलं आहे. शिरेत सुई घालताना त्यांचे हात थरथरायचे, आणि त्या मुलींची त्यात काही चूक नव्हती.

फीबद्दल एक गोष्ट विचारल्याशिवाय दोन लाखांना हात लावू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. प्रवेश कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. तुमच्या उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, आणि कॉलेजच्या कार्यालयात "ही जागा या सवलतीत बसते का" हे लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

कोर्स झाला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. ती नसेल तर पुढचं एकही दार उघडत नाही. आणि महापालिका, राज्य शासन यांच्या जाहिराती येतात तेव्हा रेल्वेकडेही बघायला विसरू नका. भायखळ्याचं मध्य रेल्वेचं आणि मुंबई सेंट्रलचं पश्चिम रेल्वेचं रुग्णालय तुमच्या मुलीला लोकलच्या पासवर गाठता येतं. रेल्वेत नर्सचं मूळ वेतन सातव्या पातळीवर, ४४,९०० पासून सुरू होतं. परीक्षा अवघड आहे आणि जागा थोड्या, पण बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीने ती न देणं म्हणजे घरचं दूध सांडून देणं.

दिरांनी सुचवलेला तो लॅबचा डिप्लोमा. इथे मला थोडं कडक बोलायचंय. लॅब टेक्निशियनचं काम चांगलं आहे, मान आहे, रात्रपाळी कमी आहे. रेल्वेचीच पट्टी लावायची तर लॅब असिस्टंटला मूळ २१,७००, एक्स-रे टेक्निशियनला आणि फार्मासिस्टला २९,२००, डायलिसिस टेक्निशियनला ३५,४००. पण हे त्यांना, ज्यांचा कोर्स मान्यताप्राप्त आहे. नाक्यावरच्या इन्स्टिट्यूटचा एका वर्षाचा डिप्लोमा बहुतेक वेळा कुठल्याच परिषदेच्या यादीत नसतो. राज्यात पॅरावैद्यक परिषद आहे, तिच्याकडे नोंदणी होते. देशपातळीवर २०२१ चा कायदा आलेला आहे. इन्स्टिट्यूटवाल्याला एकच प्रश्न विचारा : "या सर्टिफिकेटवर पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी होते का, आणि गेल्या वर्षीच्या कुणाची झाली ते दाखवा." तो "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणायला लागला की उठून या. त्या ९० हजारांत जी नोकरी मिळते ती कलेक्शन सेंटरवर ट्यूबवर लेबल चिकटवायची, आणि दहा वर्षांनीही तीच राहते. मुलीला खरंच लॅबमध्ये किंवा ऑपरेशन थिएटरच्या यंत्रांत रस असेल तर आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी कोर्स केईएम, जेजेसारख्या ठिकाणी आहे. तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. तोच करावा. पण तिने नर्सिंग म्हटलंय. १८ वर्षांची मुलगी आपण होऊन आजारी माणसांची सेवा करायला निघाली असेल तर घराने तिच्या पाठीशी उभं राहावं.

मुलाबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण त्याच्यासारखी मुलं मी आयुष्यभर वर्गात बघितली.

आयटीआयच्या अर्जात तुम्हाला मराठी नावं दिसतील : वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन, जोडारी म्हणजे फिटर, संधाता म्हणजे वेल्डर. वीजतंत्री दोन वर्षांचा आहे, दहावीला गणित-विज्ञान लागतं. तुमच्या मुलाला मी हाच घ्यायला सांगेन. प्रवेश राज्यभरासाठी एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. मुलुंड तुम्हाला दोन स्टेशनांवर आहे, कुर्लाही जवळ. सरकारी आयटीआयची फी तुमच्या शिवणकामाच्या एका महिन्यात निघेल.

दोन वर्षांनी पास झाला की लगेच नोकरी शोधायला पाठवू नका. एक वर्ष शिकाऊ उमेदवारी करू द्या. १९६१ च्या कायद्याने ती मिळते आणि विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीत त्याचा किमान आकडा शिक्षणाप्रमाणे ५ ते ९ हजार असा बांधला, त्यात आयटीआय पास मुलाचे ७ हजार. पैसे कमी आहेत, मान्य. पण त्या वर्षाला मी सोनं म्हणतो. मध्य रेल्वेचे परळ आणि माटुंग्याचे कारखाने, कुर्ल्याची कारशेड, पश्चिम रेल्वेचे लोअर परळ आणि महालक्ष्मीचे कारखाने, इथे दरवर्षी शिकाऊ उमेदवार घेतात. परीक्षा नाही, दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. दहावीला किमान ५० टक्के हवेत, तुमच्या मुलाला ५६ आहेत. म्हणजे आता आयटीआयचे गुण त्याच्या हातात आहेत. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, वेतन पातळीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. आणि तंत्रज्ञाची परीक्षा पास झाला तर मूळ १९,९००, महागाई भत्ता निम्मा धरला तरी ३० हजारांच्या घरात.

तुमच्या भांडुपला वीज महावितरणची आहे. मुंबईत बाकी बहुतेक ठिकाणी बेस्ट, अदानी, टाटा. महावितरण विद्युत सहाय्यकाची भरती करतं तेव्हा पहिली तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. अलीकडच्या मोठ्या जाहिरातीत ते पहिल्या वर्षी १५ हजार, दुसऱ्या वर्षी १६, तिसऱ्या वर्षी १७ असं होतं. ही तीन वर्षं बघूनच लोक म्हणतात, "वायरमनला काय मिळतं!" त्यानंतर तो तंत्रज्ञ म्हणून कायम होतो ते त्या सरासरीत दिसत नाही.

आणि नोकरी नाहीच करायची, स्वतःचं काम करायचं तर? माझ्या जुन्या तुकडीतला एक मुलगा आज एसीची कामं करतो. गेल्या गणपतीत घरी आला तेव्हा त्याची कामाची वही घेऊन आला होता, मीच बघायला मागितली होती. दोनशे पानी, कडा तेलकट झालेल्या. एप्रिलच्या पानावर २३ ओळी : गॅस भरणे, सर्व्हिसिंग, तांब्याची पाइप बदलणे, पवईच्या एका सोसायटीचं वर्षाचं कंत्राट. ऑगस्टच्या पानावर चार ओळी. त्या वहीकडे बघून मी त्याला "महिन्याला किती सुटतात रे?" असं विचारलंच नाही, कारण त्या प्रश्नाला उत्तर नाही. मी विचारलं, "ऑगस्टला घर कसं चालवतोस?" तो म्हणाला, मे महिन्यातच शाळेची फी आणि पावसाळ्याचा किराणा बाजूला काढतो, आणि ऑगस्टमध्ये सोसायट्यांचे पंप आणि मीटरबोर्ड बघतो. त्यासाठी त्याने तारतंत्रीचा सरकारी परवाना काढून ठेवलाय. हा परवाना फार महत्त्वाचा. सर्टिफिकेट असलेली मुलं पुष्कळ, परवाना काढणारी थोडी. परवाना, मग अनुभवावर पर्यवेक्षकाचा दाखला, मग कंत्राटदाराचं लायसन्स, अशा पायऱ्या आहेत. नव्या मीटरसाठी टेस्ट रिपोर्टवर सही लायसन्सवाल्या कंत्राटदाराचीच चालते. कन्नमवारनगरपासून भांडुपपर्यंत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, त्या प्रत्येक टॉवरला ही सही लागते. प्लंबरचंही तसंच आहे, नळजोडणीच्या अर्जाला पालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. नाक्यावर रोजंदारीला उभा राहणारा आणि हा, दोघांनाही लोक प्लंबरच म्हणतात आणि मोबाइलवरच्या सरासरीत दोघं एकाच रांगेत येतात.

एक भीती तुम्ही लिहिली नाही, पण मी लिहितो. एसीचं बाहेरचं युनिट चौदाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर असतं. दोन पैसे जास्त मिळतील म्हणून पट्टा न बांधता बाहेर पाय टाकणारी मुलं मी पाहिलीत, आणि एकाच्या तेराव्याला मी गेलोय. मुलगा कामाला लागेल तेव्हा पहिल्या पगारातून त्याला चांगला सेफ्टी बेल्ट आणि रबरी हातमोजे घेऊन द्या. मालक देत नसेल तरी द्या.

पुढे शिकायची दारं आयटीआयने बंद होत नाहीत, हे दिरांना सांगा. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कॉमर्सला घालून ज्याचं मन लेजरमध्ये रमत नाही त्याला तीन वर्षं बसवून ठेवण्यापेक्षा हे बरं. आणि वायरमनला मुलगी कोण देणार, याचं उत्तर मी माझ्या घरातून देतो : माझी मुलगी मी वीजतंत्रीलाच दिली आहे. दोघांचं ठाण्याला घर आहे, हप्ते चालू आहेत, आणि जावई कामावरून आला की चहा तोच टाकतो.

दोन लाखांचं मी असं करेन. मुलाला लागणार ते थोडं, गणवेश, हत्यारांची पेटी, प्रवास. चांगली पक्कड, टेस्टर आणि क्लॅम्प मीटर पहिल्याच वर्षी घेऊन द्या, स्वतःची हत्यारं असलेला मुलगा वर्गात वेगळा दिसतो. तीस हजारांत दोन्ही वर्षं निघतील. उरलेले मुलीसाठी, पण फी माफीचं लेखी उत्तर आणि कॅपची यादी हातात आल्याशिवाय एक रुपयाही कुणाला 'सीट बुक' म्हणून द्यायचा नाही. मुलीला एकदा सकाळी सात वाजता केईएमच्या दारात नेऊन उभी करा. पाळी बदलते तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर बाहेर पडतात. बायको म्हणते, त्यांचे चेहरे बघू दे, एखादीशी बोलू दे. घरी येऊन ती अजूनही नर्सिंगच म्हणाली तर अर्ज भरा.

मुलाच्या अर्जात पहिला पर्याय वीजतंत्री टाका, दुसरा यांत्रिक प्रशीतन व वातानुकूलन, तिसरा तारतंत्री. संस्थेच्या पसंतीत मुलुंड वर ठेवा. पर्याय कन्फर्म करायला तो विसरेल, त्या रात्री तुम्ही स्वतः त्याच्या शेजारी बसा.